गोल वाढले, रेघा त्याच

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. मधल्या चौकटीत एक शब्द छापलेला, त्याच्यापासून निघालेल्या रेघा आणि रेघांच्या टोकांना रिकाम्या चौकटी. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदातली नावं त्या चौकटींत भरायची आणि दोन गुण घ्यायचे. मुलांना हा प्रश्न आवडतो, कारण वाक्य लिहावं लागत नाही. शिक्षकांनाही तो सोयीचा, कारण तपासायला वेळ लागत नाही. क्लासमध्ये तर हे हमखास मिळणारे गुण म्हणूनच त्याची तयारी करून घेतात.

या प्रश्नाबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. संकल्पनाचित्र ज्या कामासाठी जन्माला आलं, त्याच्या नेमकं उलटं काम आपण त्याच्याकडून करून घेतो आहोत. नवी माहिती कानावर पडल्यावर माणसाची आधीची समजूत हलली का, किती हलली आणि कुठे हलली, हे पाहण्यासाठी ते तयार झालं. आपण त्याचं ‘गाळलेल्या जागा भरा’ करून टाकलं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२च्या सुमारास ही पद्धत काढली, ती एका अडचणीतून. पहिली-दुसरीच्या मुलांना पदार्थ कणांचा बनलेला असतो, ऊर्जा रूप बदलते, अशा गोष्टी शिकवून त्यांच्या समजुतीत पुढे काय बदल होतो, हे त्यांना वर्षानुवर्षं पाहायचं होतं. १९१ मुलांना २८ पाठ दिले होते आणि तुलनेसाठी ४८ मुलं अशी घेतली होती, ज्यांना ते पाठ मिळाले नव्हते. मुलांशी बोलून मुलाखती टिपल्या आणि कागदांचा ढीग साचला. त्या ढिगातून एकाच मुलाची दोन वर्षांपूर्वीची समजूत आणि आजची समजूत शेजारी ठेवून कशी पाहणार? मग त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या कल्पना गोलांत लिहिल्या, गोलांमध्ये रेघा ओढल्या आणि प्रत्येक रेघेवर तिचा अर्थ सांगणारे शब्द लिहिले. पंधरा-वीस पानांची मुलाखत एका पानावर आली. अभ्यास बारा वर्षं चालला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्यांनी मुलांच्या बरोबर समजुती मोजल्या तशाच चुकीच्या समजुतीही मोजल्या. ज्यांना ते पाठ मिळाले होते, त्यांच्यात बरोबर समजुती वाढल्या होत्या आणि चुकीच्या कमी झाल्या होत्या. यातला दुसरा आकडा आपल्या कुठल्याही परीक्षेत निघत नाही.

या सगळ्याच्या मागे डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर तो पुढे काय शिकेल हे सर्वांत जास्त ठरतं, असं ते सांगत. नवी गोष्ट जुन्या गोष्टीला नीट जोडली गेली तर ती टिकते आणि जुनीलाही बदलते. जोडली गेली नाही तर ती पाठांतर म्हणून बाजूला पडून राहते आणि परीक्षा झाली की गळून जाते. म्हणून संकल्पनाचित्रात गोलापेक्षा रेघ महत्त्वाची, आणि रेघेपेक्षा रेघेवरचे शब्द. ‘कुष्ठरोग’ आणि ‘जिवाणू’ असे दोन गोल काढून त्यांच्यात नुसती रेघ ओढली तर त्यातून काहीच कळत नाही. रेघेवर ‘मुळे होतो’ असं लिहिलं की ते विधान होतं, आणि विधान झालं की ते तपासता येतं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतल्या चित्रांत रेघांवर काही लिहायला सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

कुष्ठरोगाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीजवळच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी मुलांबरोबर बसतो. तिथून वडाळ्याचं महापालिकेचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय जवळ आहे. मुलं त्याच्यावरून बसनं जातात, नाव सगळ्यांना माहीत असतं, आत काय चालतं हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. १८९० मध्ये मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या पुढाकारानं माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला, त्याचंच हे आजचं रूप. मराठी वाचकाला ॲकवर्थ हे नाव आणखी एका कारणानं ओळखीचं असतं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ हेच.

अभ्यासिकेतल्या मुलांना मी एकदा कोरा कागद दिला, मधोमध ‘कुष्ठरोग’ लिहायला सांगितलं आणि त्याबद्दल जे जे मनात येईल ते गोलांत लिहून रेघांनी जोडायला, रेघांवर शब्द लिहायला सांगितलं. चूक-बरोबर काही नाही, गुण नाहीत, हेही सांगितलं. आठवीतल्या एका मुलीचा कागद माझ्यासमोर आहे. त्यावर ‘बोटं’ आहे आणि रेघेवर ‘झडतात’. ‘हात लावणं’ आहे आणि रेघेवर ‘यामुळे होतो’. ‘पाप’ आहे, रेघेवर ‘मागच्या जन्मीचं’. ‘हॉस्पिटल’ आहे, रेघेवर ‘तिथे ठेवतात’. रेघेवरचं हे ‘ठेवतात’ मला फार महत्त्वाचं वाटतं. दवाखान्यात माणसं बरी व्हायला जातात, पण या एका रोगाच्या माणसांना तिथे ‘ठेवलं’ जातं, हे या मुलीला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. घरात, रस्त्यात, बसच्या खिडकीतून ते तिच्यापर्यंत आलेलं आहे.

नंतर मी मुलांना माहिती दिली. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जिवाणू शोधला. तो बहुधा नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे, तेही उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासात पसरतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची ताकद मुळातच असते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ पासून शिफारस केलेले बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने घेतले की रोग बरा होतो आणि औषधं मोफत मिळतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी बधिरपणा ही ओळखण्याची खूण. बोटं जिवाणू खात नाही. हात-पाय बधिर झाल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळत जातात आणि त्यातून बोटं आखडतात, झिजतात.

मग छोटी प्रश्नावली दिली. कुष्ठरोग कशामुळे होतो? जिवाणूमुळे. बरा होतो का? होतो. या मुलीची उत्तरं सगळी बरोबर आली. शाळेत असती तर तिला पैकीच्या पैकी मिळाले असते आणि विषय संपला असता.

काही दिवसांनी पुन्हा कोरा कागद दिला, आधीचा न दाखवता. त्यावर नवे गोल भरपूर आहेत: जिवाणू, गोळ्या, बारा महिने, चट्टा, बधिरपणा. जवळजवळ सगळे थेट मधल्या गोलाला जोडलेले, एकमेकांशी संबंध नसलेले. आणि जुने? ‘पाप’ आहे तिथेच आहे. ‘हात लावणं – यामुळे होतो’ हेही आहे, ‘गोळ्या – यामुळे बरा होतो’ याच्या शेजारी. प्रश्नावलीत जिवाणू लिहिणाऱ्या मुलीच्या मनात जिवाणू आणि पाप सुखानं नांदत होते, कारण त्या दोघांत तिनं रेघच ओढलेली नव्हती. दोन समजुती एकमेकींना भेटल्याच नाहीत, तर त्यांच्यात भांडण कुठून होणार?

त्या कागदावर एकच ठिकाण वेगळं होतं. ‘बोटं’ पासून ‘बधिरपणा’ कडे एक आडवी रेघ गेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘जखम कळत नाही म्हणून’. ‘झडतात’ हा शब्द गेला होता. शिवाय ‘बधिरपणा’ पासून आणखी एक रेघ एका नव्या गोलाकडे गेली होती, त्यात लिहिलं होतं ‘आजीची शुगर’. विचारल्यावर तिनं सांगितलं, आजीच्या पायात खिळा घुसला होता आणि तिला रात्रीपर्यंत कळलंच नव्हतं, शुगरमुळे पाय बधिर असतो म्हणून. हा गोल कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, छापील चित्राच्या रिकाम्या चौकटीत तर तो कधीच आला नसता. पण त्या मुलीच्या ज्ञानात खरा बदल झाला असेल तर तो इथेच. नव्या माहितीला तिच्या घरातला आधार मिळाला आणि एक जुनी, भयंकर समजूत तिथून उखडली गेली.

नोव्हाक आणि बॉब गोविन यांनी १९८४ मध्ये गुण देण्याची जी पद्धत सुचवली, तिच्यात साध्या बरोबर विधानाला १ गुण आहे आणि चित्राच्या दोन वेगळ्या भागांना अर्थपूर्ण जोडणाऱ्या आडव्या दुव्याला १०. आकड्यांवर वाद घालता येईल, पण त्यांची नजर बरोबर जागी होती. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड हे यांनी २००७ मध्ये शिकण्याआधीचं आणि शिकल्यानंतरचं चित्र शेजारी ठेवून तीन प्रकार वेगळे काढले. काही ठिकाणी काहीच बदललेलं नसतं. काही ठिकाणी नव्या कल्पना येतात, पण जुन्यांशी त्यांची गाठ पडत नाही. आणि काही ठिकाणी नव्या-जुन्याची गाठ पडून चित्राची ठेवणच बदलते. नेहमीच्या परीक्षेला दुसरा आणि तिसरा प्रकार सारखाच दिसतो. गुणपत्रिका फक्त भर मोजते. काय निघून गेलं, कुठली रेघ तुटली, हे तिला दिसूच शकत नाही. आणि शिक्षणातला अवघड भाग बहुतेक वेळा तोडण्याचाच असतो.

हे लहान मुलांपुरतं नाही. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना ऋतू का होतात असं विचारणारा एक माहितीपट १९८७ मध्ये निघाला. २३ पैकी २१ जणांची उत्तरं चुकली. बऱ्याच जणांचं म्हणणं, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा आपल्याकडे मुंबईतही पहाटे पांघरूण लागतं. पृथ्वीचा आस कललेला आहे हे त्यांना शाळेत शिकवलं होतंच, पण ‘जवळ म्हणजे गरम’ ही चुलीपाशी शिकलेली गोष्ट कुणी हलवली नव्हती. स्टेला वॉस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की पृथ्वी गोल आहे असं सांगितलेली मुलं तिला सपाट मानणं सोडत नाहीत. दोन्ही जुळवून घेण्यासाठी ती आतून पोकळ गोळा आणि त्यात माणसं राहतात असली पृथ्वी कल्पतात. हैदराबादच्या मुलांवरही असा अभ्यास झाला, तिथे पृथ्वी पाण्यावर तरंगते असं मानणारी मुलं निघाली. मुलं माहिती नाकारत नाहीत. जुन्या घरात तिला जागा करून देतात.

आणि समाजाचं काय? कुष्ठरोगाबाबत आपल्या देशानं कुठली रेघ कधी तोडली, हे कायद्याच्या पुस्तकात तारखांसकट नोंदलेलं आहे, म्हणून मला ते पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. हॅन्सन यांचा शोध १८७३चा. १८९०-९१ मध्ये कुष्ठरोग आयोग भारतभर फिरला आणि संसर्गाचा धोका फार थोडा आहे, सक्तीनं कोंडून ठेवण्याचं समर्थन होत नाही, अशा निष्कर्षाला आला. तरी १८९८ मध्ये कायदा झाला तो कंगाल कुष्ठरुग्णाला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडून आश्रमात पाठवण्याचा. म्हणजे माहिती आली आणि ती जुन्याच रेघेवर जाऊन बसली: संसर्गजन्य आहे ना, मग दूर ठेवा. आपल्याकडे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात आणि नंतर बाबा आमटे यांनी आनंदवनात ही रेघ स्वतःच्या हातांनी पुसायला घेतली. पण कायद्याची पावलं संथच. बहुविध औषधोपचार आले १९८१ मध्ये, राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला १९८३ मध्ये. तरीही कुष्ठरुग्णाला नगरपालिकेच्या पदासाठी अपात्र ठरवणारी ओडिशाच्या कायद्यातली तरतूद सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ग्राह्य धरली. १८९८चा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. ‘बरा होतो’ हे ठाऊक झाल्यापासून ‘म्हणून तोडू नका’ इथपर्यंत यायला अडतीस वर्षं लागली. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आणि चट्टा दिसूनही लोक तो लपवतात. माहिती नाही म्हणून लपवतात असं मला वाटत नाही. माहितीच्या शेजारी जुनी रेघ शाबूत आहे म्हणून लपवतात. जनजागृतीचं यश ‘कुष्ठरोग बरा होतो हे ठाऊक असणारे इतके टक्के’ असं मोजणारी पाहणी म्हणूनच अपुरी आहे.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत वजनदार आक्षेप मोजमापाचा आहे. मारिया आरासेली रुइझ-प्रिमो आणि रिचर्ड शॅव्हेल्सन यांनी १९९६ मध्येच बजावलं होतं, की संकल्पनाचित्रं काढून घेण्याच्या आणि तपासण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की त्यांच्या गुणांवर सहज विश्वास ठेवू नये. मला हे पटतं. दोन शिक्षक एकाच चित्राला वेगळे गुण देतील, चांगलं अक्षर असलेल्या मुलीला झुकतं माप मिळेल. पण याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये आणखी एक तुलना केली: छापील चित्रातल्या रिकाम्या जागा भरणं आणि कोऱ्या कागदावर स्वतः चित्र काढणं. रिकाम्या जागा भरताना बहुतेकांना भरघोस गुण मिळाले, मुलांच्या समजुतींतला फरक मात्र उघड झाला तो स्वतः काढलेल्या चित्रांत. आपल्या बोर्डानं नेमका पहिला प्रकार उचलला.

दुसरा आक्षेप भाषेचा आणि तो आमच्या भागात रोज जाणवतो. अभ्यासिकेतल्या मुलांच्या घरी मराठी, हिंदी, तमिळ, उर्दू अशा भाषा आहेत. रेघेवर नेमका शब्द लिहिणं त्यांना जड जातं. हार्बर लाइननं थोडं पुढे गेलं की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ मध्ये सुरू केलेलं. तिथे जी. नागार्जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकल्पनाचित्रांवर बरंच काम केलं आहे. रेघांवरचे शब्द मोकाट सोडले तर एकच संबंध दहा तऱ्हांनी लिहिला जातो आणि तुलना अशक्य होते, म्हणून नेमक्या अर्थाचे मोजकेच जोडशब्द वापरायला शिकवावेत, असं त्यांचं म्हणणं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही शिस्त फार उपयोगी आहे. आठवीतल्या मुलीला मात्र मी पहिल्या दिवशी ती लावणार नाही. तिला यादीतला शब्द निवडायला लावला असता तर ‘ठेवतात’ माझ्या हाती लागलं नसतं. आधी मुलाला त्याच्या तोंडचे शब्द लिहू द्यावेत, घरच्या भाषेत लिहिले तरी चालतील, नेमकेपणा नंतर आणावा.

तिसरा आक्षेप वेळेचा. साठ मुलांच्या वर्गात साठ चित्रं कोण वाचणार? साठही वाचायची गरज नाही. सात-आठ कागद चाळले तरी वर्गात कुठली चुकीची रेघ पक्की आहे ते दिसतं. राज्यात २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगावच्या शाळांत पोहोचला, वर्गांच्या फरशांवर तक्ते रंगले, कित्येक शिक्षकांनी जीव ओतून काम केलं. मूल स्वतः ज्ञान रचतं, हे तत्त्व आपण मान्य केलं. मग त्यानं काय रचलं आहे हे पाहण्याचं साधन मात्र पाठांतराच्या हाती का दिलं? बोर्डाला कोरा कागद परवडत नसेल तर निदान एवढं करावं: चौकटींतले शब्द छापून द्यावेत आणि रेघा रिकाम्या ठेवाव्यात. ‘लोकशाही’ आणि ‘निवडणूक’ या दोन चौकटींतल्या रेघेवर मूल काय लिहितं, यावरून त्याला राज्यशास्त्र कळलं की नाही ते समजेल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ३० जानेवारीला, गांधीजींच्या स्मृतिदिनी, कुष्ठरोगाबद्दलची प्रतिज्ञा अनेक शाळांत घेतली जाते. येत्या वेळी प्रतिज्ञेच्या आदल्या दिवशी मुलांना कोरा कागद द्या आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा द्या. दोन्ही कागदांना गुण देऊ नका, वरिष्ठांना आकडेवारी पाठवू नका. ते मुलांच्याच हाती देऊन काय बदललं ते त्यांना शोधू द्या. आणि ज्या रेघा तशाच राहिल्या असतील, त्या घेऊन पुढचा तास घ्या.